उत्तरेकडे चालणारी कथा: तगून राहण्याच्या गोष्टीत दिशेला अर्थ कसा येतो

रानात अडकलेला माणूस उत्तरेकडे चालू लागला की वाचक मनातल्या मनात विचारतो, "का रे बाबा?" तिकडे थंडी वाढत जाते, झाडं खुजी होतात, खायला मिळण्याची आशा कमी होते. जीव वाचवायचा तर दक्षिणेला जावं, हे लहान मूलही सांगेल. तरीही अशा कथा लिहिणाऱ्यांना उत्तर पुन्हा पुन्हा खुणावते, आणि त्यांतल्या कितीतरी कथा अर्ध्या वाटेवर बसकण मारतात. बहुतेक वेळा चूक एकच असते. लेखकाने 'उत्तर म्हणजे आत्मशोध' किंवा 'उत्तर म्हणजे मृत्यू' असं आधी ठरवलेलं असतं आणि पात्राला त्या अर्थाच्या दिशेने ढकललेलं असतं. पात्राचे पाय सुजतात, पण आपण कुठे आणि कशाला चाललोय हे त्याला ठाऊकच नसतं.

उत्तरेला अर्थ येतो तो तिथे जाण्याची किंमत मोजल्यावर. आधी गरज, मग किंमत, आणि अर्थ सगळ्यांत शेवटी, तोही न बोलावता. या क्रमाने कथा कशी बांधायची ते एका नमुन्याच्या आधारे सांगतो.

नमुना असा. ६५ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपासचं सूचिपर्णी अरण्य. नदीकाठच्या तळावर एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ उन्हाळाभर पाण्याच्या पातळीच्या नोंदी घेत आहेत. सप्टेंबर संपत आलाय. नदी गोठण्याआधीची शेवटची होडी दक्षिणेच्या धक्क्यावर १२ दिवसांनी येणार आहे, आणि धक्का ६ दिवसांच्या वाटेवर आहे. उत्तरेला ३ दिवसांच्या वाटेवर एक तळं आहे. तिथलं मोजमापाचं यंत्र काढून आणायला भाऊ ९ दिवसांपूर्वी गेला, तो परतलेला नाही.

पहिली पायरी: ही उत्तर कुणाची, ते ठरवा

उत्तरेला स्वतःचा असा एकच अर्थ नाही. १८४५ साली ब्रिटिश दर्यावर्दी फ्रँकलिनच्या मोहिमेतले १२९ जण आर्क्टिकमध्ये शिरले. जहाजं बर्फात अडकली, आणि एप्रिल १८४८ मध्ये उरलेली माणसं ती सोडून दक्षिणेकडे, कॅनडातल्या बॅक नदीच्या दिशेने निघाली. त्यांच्यासाठी उत्तर म्हणजे जिथून निसटायचं ती जागा. त्यांतलं कुणीही वाचलं नाही.

आता पृथ्वी उलटी करून पाहा. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतणारा ब्रिटिश शोधक स्कॉट आणि त्याचे सोबती उत्तरेकडेच चालत होते. उत्तरेला अन्नाचा साठा होता, जहाज होतं, घर होतं. शेवटचा तंबू पडला तेव्हा मोठा साठा सुमारे २० किलोमीटरवर होता, अर्थातच उत्तरेला. ब्रिटिश शोधक शॅकलटनचं जहाज १९१५ मध्ये अंटार्क्टिकच्या बर्फाने चिरडलं. त्याची माणसं महिनोन्‌महिने बर्फाच्या लादीवर राहिली. ती लादी उत्तरेकडे सरकत गेली, म्हणून एप्रिल १९१६ मध्ये त्यांना होड्या पाण्यात लोटता आल्या. जहाजावरचे सगळे २८ जण जगले. त्यांना उत्तरेने हात दिला असं म्हटलं तर ते अलंकारिक ठरत नाही.

तिसरी उत्तर याहून वेगळी. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गुलामगिरीतून पळालेली माणसं रात्री रानावनांतून, दलदलीतून ध्रुवतारा पाहत चालत. त्यांच्यासाठी उत्तर म्हणजे मोकळा श्वास. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामगिरीतून निसटलेला. १८४७ साली त्याने वृत्तपत्र काढलं, तेव्हा त्याला ध्रुवताऱ्याचंच नाव दिलं.

म्हणजे एकच दिशा कुणाला कबर, कुणाला घर, कुणाला सुटका. तुमच्या पात्रासाठी ती यांपैकी कोणती, हे कथा सुरू करण्यापूर्वी एका वाक्यात लिहून काढा. आमच्या बहिणीसाठी ते वाक्य असं: उत्तर म्हणजे भाऊ जिथे असेल ती जागा. त्या वाक्यात प्रतीक नावालाही नाही. तसंच असू द्या.

दुसरी पायरी: हिशोब मांडा, आणि तो घट्ट ठेवा

नमुन्यातले आकडे पुन्हा पाहा. तळ्यापर्यंत ३ दिवस, परत ३ दिवस, मग धक्क्यापर्यंत ६. बेरीज १२. होडी बाराव्या दिवशी. एकही दिवस शिल्लक नाही. वाटेत एक पाऊस लागला, भावाचा पाय मोडलेला निघाला, तर होडी गेली आणि हिवाळा आला. आत्ताच दक्षिणेकडे निघाली तर मात्र बहिणीच्या हाती चांगले ६ दिवस उरतात.

माझ्या मते सगळी मेहनत या बेरजेवर घ्यावी. दक्षिणेला जाणं शहाणपणाचं, शक्य आणि कुणीही दोष देणार नाही असं हवं. तळावर अन्न संपलं, दक्षिणेची वाट पुराने तुटली, म्हणून ती उत्तरेकडे निघाली, असं लिहिलंत की निवड संपली, आणि निवड संपली की दिशेला अर्थ उरत नाही. तो निव्वळ भूगोल होतो. दक्षिणेची वाट शेवटपर्यंत उघडी ठेवा. तिने पाठीवरचं ओझं बांधावं, दक्षिणेच्या वाटेवर थोडं चालूनही यावं, तिकडची जमीन कोरडी आणि सोपी आहे हे पायांना कळू द्यावं. मग वळावं.

तिसरी पायरी: वाचकाच्या मनात आधीच असलेली उत्तर ओळखा

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक घबाड मिळतं, आणि तेच नीट न वापरल्यास अंगाशी येतं. आपल्या भाषेत उत्तर म्हणजे दिशा, उत्तर म्हणजे प्रश्नाचा जबाब, आणि उत्तर म्हणजे नंतरचं, जसं उत्तरार्ध. दिशा स्त्रीलिंगी, जबाब नपुंसकलिंगी. 'उत्तरेकडे' आणि 'उत्तराकडे' यांत फरक आहे तो एका मात्रेचा. हा योग दुसऱ्या भाषांच्या वाट्याला सहसा येत नाही. पण पात्राच्या तोंडी "मी उत्तरेला उत्तर शोधायला निघाले" असं वाक्य घातलं की तो खेळ उघडा पडतो. ही जुळणी वाचकाने स्वतः करायची असते. तुम्ही एवढंच करा: कथेच्या सुरुवातीला एक प्रश्न अनुत्तरित ठेवा. निघताना भावाने काहीतरी विचारलं होतं आणि बहिणीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. त्यानंतर तो शब्द फक्त दिशेच्या अर्थाने वापरा. वाचकाच्या कानात दुसरा अर्थ आपोआप वाजत राहील.

दुसरा ठेवा ध्रुवाच्या कथेचा. तिच्याकडे तगून राहण्याची गोष्ट म्हणून पाहा. सुरुचीने बापाच्या मांडीवरून खाली उतरवलेलं पोर, आई सुनीती हतबल. पोर एकटं रानात जातं, उपाशी राहतं, एका जागी उभं राहतं, आणि शेवटी त्याला मिळतं अढळपद. गेली होती ती एक जागा, मिळाली तीही जागाच. ज्या कथेत कुणालातरी घरातून, नात्यातून, रांगेतून बाजूला सारलंय, तिथे ध्रुवतारा दिसला की मराठी वाचकाला ही मांडी आठवते. ध्रुवाचं नावही घेण्याची गरज नाही. बहीण-भावाच्या कथेत लहानपणी कुणाला जवळ घेतलं गेलं आणि कुणाला नाही, याचा एक ओझरता उल्लेख पुरे.

तिसरा ठेवा महाप्रस्थानाचा, आणि रचनेच्या दृष्टीने तो सगळ्यांत उपयोगी. पांडव आधी पूर्वेला, मग दक्षिणेला, पश्चिमेला जातात आणि शेवटी उत्तरेकडे वळतात. हिमालय ओलांडल्यावर द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. सोबत उरतो एक कुत्रा, आणि त्याला सोडून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. उत्तरेच्या प्रवासाचा आराखडाच इथे आहे. वाट जसजशी वर जाते तसतसं एकेक गळत जातं, आणि अखेरीस सोबत काय उरलं यावरून माणूस ओळखला जातो. मात्र मराठी मनात उत्तरेचा प्रवास परतीचा नसतो, हेही त्यातच आलं. तुमचं पात्र परतणार असेल तर तुम्ही या जुन्या अपेक्षेविरुद्ध लिहीत आहात. ते जाणून लिहा.

आमच्या नमुन्यात मी तीन दिवसांत तीन गोष्टी गळवीन. पहिल्या दिवशी नोंदवह्या, ओझं कमी करायला. दुसऱ्या दिवशी तंबूचं बाहेरचं कापड, प्रवाह ओलांडताना वाहून गेलेलं. तिसऱ्या दिवशी होडी गाठण्याचा हिशोब, तिने स्वतःहून सोडलेला. उन्हाळाभराचं काम, निवारा आणि सुटका, याच क्रमाने.

चौथी पायरी: दिशा अंगाला कळू द्या

'ती उत्तरेकडे चालत होती' या वाक्यातून वाचकाला काहीच जाणवत नाही. शब्द न वापरता दिशा कशी दाखवायची? निसर्गाने फार मोठं काम आधीच करून ठेवलंय.

कर्कवृत्ताच्या उत्तरेला दुपारचा सूर्य नेहमी दक्षिणेला असतो. म्हणजे उत्तरेकडे चालणाऱ्याच्या पाठीवर ऊन आणि पुढ्यात स्वतःची सावली. सप्टेंबरच्या शेवटी ६५ अंशांवर भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २५ अंशांपर्यंत चढतो, आणि सावली माणसाच्या उंचीच्या दुपटीहून लांब पडते. बहीण दुपारभर आपल्याच सावलीत पाऊल टाकत चालते, दगड कुठे आणि पाणी कुठे हे त्या काळोख्या पट्ट्यात तिला नीट दिसत नाही, ठेचकाळते. ही ठेच लिहा. सावलीचा अर्थ लिहू नका.

मग उजेड. २२-२३ सप्टेंबरच्या विषुवदिनी सगळीकडे दिवस-रात्र जवळपास सारखे. त्यानंतर ६५ अंशांवर दिवस रोज सुमारे ७ मिनिटांनी आटतो. बारा दिवसांत जवळजवळ दीड तास गेला. ज्या वेळी काल ती चालत होती, त्या वेळी आज तिला चूल पेटवावी लागते.

आणि आकाश. त्या ऋतूत हंसबदकांचे थवे दक्षिणेला निघालेले असतात, रेनडिअरचे कळपही उघड्या माळावरून खाली अरण्याकडे सरकतात. सूर्यसुद्धा दक्षिणेला चाललेला. पंख असलेले, खूर असलेले सगळे एका बाजूला, आणि ही बाई त्यांच्या समोरून. थवा डोक्यावरून जातो तेव्हा त्याचा कलकलाट समोरून येतो आणि पाठीमागे विरतो, एवढं कानांनी टिपलंत तरी दिशा वाचकाच्या अंगात उतरते.

झाडांकडेही पाहा. काळा स्प्रूस हा तिथला सूचिपर्णी वृक्ष उत्तरेला जाताना बुटका होत जातो, आणि जमिनीखालचा कायमचा गोठलेला थर जिथे वितळून खचतो तिथे झाडं वेडीवाकडी कलतात. मात्र प्रमाण सांभाळा. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. वाट नसलेल्या दलदलीत दिवसाला १२-१५ किलोमीटर झाले तरी पुष्कळ. तीन दिवसांत अरण्य संपून टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला गोठलेला माळ, लागणार नाही, जोवर तुमचा तळ वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडं जिथे संपतात त्या सीमेच्या, काठावरच नाही. तसंच 'ध्रुवतारा रोज वर चढत होता' हेही लिहू नका. एवढ्या अंतरात तो अर्ध्या अंशानेही सरकत नाही, डोळ्यांना ते कळत नाही. झाडाच्या उत्तर बाजूला शेवाळ उगवतं, यावर तर पात्राचा जीव टांगूच नका. ओलसर रानात ते बुंध्याच्या सगळ्या बाजूंनी असतं.

दिवसा उत्तर काढायची तर काठी रोवून सावली पाहावी. दिवसातली सगळ्यांत आखूड सावली बरोबर उत्तर दाखवते. हे करायला बराच वेळ एका जागी बसावं लागतं. घाईत असलेल्या माणसाला दिशा हवी तर थांबावं लागतं, ही गोष्ट कथेला किती कामाची आहे पाहा.

रात्री सप्तर्षींतल्या पुलहाकडून क्रतूकडे रेघ काढून ती साधारण पाचपट पुढे नेली की ध्रुवतारा. इथे विषुववृत्ताजवळ राहणाऱ्या लेखकाची हमखास चूक होते. त्याने तो तारा क्षितिजालगत पाहिलेला असतो आणि तो कथेतही 'झाडांच्या शेंड्यांवर टेकलेला' येतो. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे त्या जागेचा अक्षांश. ६५ अंशांवर तो पार वर असतो, पाहायला मान मोडते, आणि तिथून खाली जमिनीवर नेमकी दिशा उतरवणं अवघड जातं. थेट ध्रुवावर तो डोक्यावर येतो आणि कोणतीच दिशा दाखवत नाही. वाट दाखवणारा जितका जवळ येतो तितका निरुपयोगी होत जातो. एवढं सुंदर सत्य आयतं मिळत असताना त्यावर उपमा लादायची गरजच काय? ऋतूचं भान मात्र ठेवा. उत्तरेच्या उन्हाळ्यात रात्र काळी होतच नाही, तेव्हा जूनच्या कथेत ध्रुवतारा दिसणार नाही.

पाचवी पायरी: होकायंत्राला शंका घेऊ द्या

होकायंत्राची सुई भौगोलिक ध्रुवाकडे बोट दाखवत नाही. उत्तरेचा चुंबकीय ध्रुव वेगळ्या जागी आहे. १८३१ साली जेम्स क्लार्क रॉसने तो कॅनडाच्या उत्तरेला बूथिया द्वीपकल्पावर गाठला, आणि तो तेव्हापासून सरकतच आहे. जागेनुसार सुई खऱ्या उत्तरेपासून कितीतरी अंश बाजूला जाते. चुंबकीय ध्रुवाच्या आसपास तर ती खाली कलते आणि सुस्तावते.

म्हणून पात्रापुढे दोन उत्तरा असतात: खरी, आणि यंत्र दाखवतं ती. नमुन्यात हे मी असं वापरीन. सुईचा फरक किती धरायचा ते भावालाच ठाऊक होतं, कारण उन्हाळाभर नकाशा तोच सांभाळायचा. बहिणीने कधी विचारलं नव्हतं. आता सुई एक सांगते, तारा दुसरं, आणि मधल्या कोनात तिला भावाची उणीव पहिल्यांदा मोजता येते. तो कोन अंशांत लिहा. भावना लिहू नका.

ध्रुवताराही पूर्ण स्थिर नाही. तो आकाशाच्या खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर आहे आणि त्याच्याभोवती छोटंसं वर्तुळ काढतो. पृथ्वीचा आस सुमारे २६,००० वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळे ध्रुवताऱ्याचा मान हजारो वर्षांनी दुसऱ्या ताऱ्याकडे जातो. अढळपदावर श्रद्धा ठेवून निघालेल्या पात्राला हे माहीत असेल, तर त्याची श्रद्धा अधिक खोल वाटते.

सहावी पायरी: पायाखालची जमीन उलटी चालवा

मधल्या भागात प्रवास सरळ होत राहिला तर कथा सपाट होते. वादळ आणि अस्वल हे नेहमीचे उपाय आहेत. उत्तरेकडे याहून क्रूर गोष्ट घडते. १८२७ साली ब्रिटिश नौदलातला पॅरी बर्फावरून उत्तर ध्रुवाकडे निघाला. माणसं दिवसभर होड्या ओढत उत्तरेकडे चालत, आणि ज्या बर्फावर ती चालत होती तो दक्षिणेकडे वाहत होता. ८२ अंश ४५ मिनिटांवर त्याला माघार घ्यावी लागली. नॉर्वेचे नान्सेन आणि योहान्सेन १४ मार्च १८९५ रोजी जहाज सोडून ध्रुवाकडे निघाले, तेव्हा त्यांच्याही वाट्याला हाच अनुभव आला. अक्षांश मोजला की श्रमांच्या मानाने अंतर कमीच निघे.

चालणाऱ्याचा दोष नाही, धीर सुटलेला नाही, तरी तो मागे जातोय. तुमच्या कथेत समुद्र नसेल तर याचा जोडीदार शोधा. आमच्या नमुन्यात दलदलीतलं पाणी चुकवताना बहिणीला अख्खा दिवस पश्चिमेकडे चालावं लागतं, आणि संध्याकाळी टेकडीवर चढल्यावर तळावरचा सकाळचाच धूर, तिनेच नीट न विझवलेल्या चुलीचा, जवळ दिसतो. हा प्रसंग कथेच्या साधारण मध्यावर ठेवा. त्याआधी वाचकाला तिची किंमत कळलेली नसते.

सातवी पायरी: पोहोचल्यावर वळा

उत्तरेच्या टोकाला उत्तर उरत नाही. ध्रुवावर उभं राहिलं की प्रत्येक पाऊल दक्षिणेलाच पडतं. प्रतीक म्हणून उत्तर वापरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं, कारण 'पोहोचले आणि सगळं उमगलं' हा शेवट या भूगोलातच बसत नाही. नान्सेनने ८ एप्रिल १८९५ रोजी ८६ अंश १४ मिनिटांवर मागे वळायचं ठरवलं. तोवर कुणी इतक्या उत्तरेला गेलं नव्हतं, आणि ध्रुव तरीही दूरच होता. नंतर त्या दोघांनी एका बेटावर दगडांच्या झोपडीत हिवाळा काढला आणि दोघेही परतले. मला त्या मोहिमेत सगळ्यांत मोठं वाटतं ते हे वळणं.

बहिणीला तळ्यावर काय सापडावं? भाऊ मेलेला सापडला तर उत्तर म्हणजे मृत्यू हा जुना ठसा उमटतो. धडधाकट सापडला तर तिची किंमत वाया जाते. मी त्याला जिवंत ठेवीन, पाय दुखावलेला, आणि यंत्र काढायचं काम अपुरं. तिने त्याच्याजवळ बसावं आणि निघताना त्याने विचारलेल्या प्रश्नाला आता जबाब द्यावा, अगदी घरगुती शब्दांत. 'उत्तर' हा शब्द या पानावर कुठेच येऊ देऊ नका.

मग परतीच्या वाटेवर ऊन तोंडावर आणि सावली मागे. पहिल्या भागात सावली नीट लिहिली असेल तर इथे एक ओळ पुरते.

आठवी पायरी: दिशा बदलून खर्डा तपासा

खर्डा झाला की त्याची एक प्रत घ्या आणि तिच्यात जिथे जिथे उत्तर आहे तिथे 'पूर्व' घाला. आता वाचा. कथा तशीच चालली, काही अडलं नाही, तर तुमची उत्तर नुसती नावाची होती. जिथे वाक्य खोटं पडतं तिथे खूण करा: सावली चुकली, थवे चुकले, दिवस आटेनासा झाला, हिशोब बिघडला. तीन दिवसांच्या प्रवासात अशा निदान पाच-सहा खुणा मिळायला हव्यात. न मिळाल्यास चौथ्या पायरीकडे परत जा.

दुसरी चाचणी पुसण्याची. 'जणू', 'नियती', 'आतला प्रवास', 'हाक' हे शब्द शोधा आणि ते असलेली वाक्यं काढून टाका. कथेला भोक पडलं तर त्या जागी एखादं काम घाला: ओले मोजे पिळणं, काठी रोवून सावलीची वाट पाहणं, उरलेली बिस्किटं मोजून दोन वाटे करणं आणि मोठा वाटा परत पिशवीत ठेवणं.